कोड माझा, खातं त्यांचं

टर्फवरच्या सामन्यांना नाव नोंदवायचं ते ॲप मी लिहिलं. टर्फवर आता वेगळंच ऐकवलं जातं, म्हणून हे आधीच सांगतो.

आमचा फुटबॉल सात-सातचा. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊ ते दहा, टर्फचे 1800, डोई 130. व्हॉट्सॲपवरची यादी कॉपी करायची आणि खाली आपलं नाव जोडून परत टाकायची, अशी जुनी पद्धत. दोघांनी एकदम टाकली की एकाचं नाव गळायचं. मग कधी टर्फवर सोळा जण उभे, तर कधी अकराच. मी कोल्हापूरचा. फुटबॉलमध्ये पाटाकडीलचा संघ की दिलबहारचा यावरून घरात अबोला धरलेला पाहत वाढलोय. मोडक्या संघाने खेळणं मला सोसत नाही.

म्हणून चार महिने ऑफिसनंतर रात्री बसून ॲप लिहिलं. शेवटची जागा दोघांनी एकाच क्षणी मागितली तर ती एकालाच मिळावी, एवढ्यासाठीच आठवडा गेला. डेटाबेस गूगलचा, फायरस्टोअर. तो दिवसाला 50,000 रीड फुकट देतो. मी मात्र ॲप उघडलं की सगळे जुने सामने मागवत होतो. दोनशे खेळाडू झाल्यावर ही मर्यादा संध्याकाळीच संपू लागली. फक्त पुढच्या सात दिवसांचे सामने मागवले आणि प्रश्न मिटला. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा.

टर्फचे मालक म्हणाले, "तू कोड बघ, बाकीचं माझ्यावर सोड." गूगल प्लेवर नव्या वैयक्तिक खात्याला किमान 12 परीक्षक सलग 14 दिवस लागतात. फर्मच्या खात्याला ती अट नाही. घाई मला होती, फर्म त्यांची होती. 25 डॉलर त्यांनी भरले. फायरस्टोअर ज्यात येतं ते फायरबेसचं खातंही त्यांच्याच ईमेलवर गेलं, कारण कार्ड त्यांचं.

एका शुक्रवारी एका पोराचा फोन आला. 130 कापले गेले, पण नाव लागलं नाही. दुरुस्त करायला बसलो, तर मला प्रवेशच नाही. पासवर्ड बदलून पाहिला, दोनदा लॅपटॉप बंद करून चालू केला. माझंच काही चुकलं असणार असं अर्धा तास वाटत राहिलं. फोन उचलला जाईना, म्हणून टर्फवर गेलो. ते काउंटरवरच होते. चहा मागवला आणि म्हणाले, "आता आमचा माणूस बघतो ते. तू खेळ ना! तुझ्याकडून पैसे नकोत." त्या आवाजात जराही संकोच नव्हता. तो चहा मी घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात पोरांच्या फोनवर वाढदिवसाच्या पार्टीला टर्फ भाड्याने देण्याच्या जाहिराती येऊ लागल्या. ते नंबर पोरांनी माझ्यावर भरवसा ठेवून दिले होते. मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे.

वकिलांनी सांगितलं, की तुम्ही नोकर नव्हता आणि हक्क लिहून दिलेले नाहीत, तेव्हा 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कोड तुमचाच. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढायला माझ्याकडे ना वेळ, ना पैसा.

म्हणून ॲपचं खातं, डेटाबेस, डोमेन सगळं पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर काढा. दुसऱ्याने पैसे घातले तर तेवढ्या रकमेची पावती द्या, मालकी देऊ नका. माणूस ओळखीचा असला तरी लेखी घ्या. पैसे आधी घ्या, पण खेळाडूच्या फोनवर 'यशस्वी' दिसलं म्हणून नाव लावू नका. पेमेंट गेटवेकडून आपल्या सर्व्हरवर खात्री झाली की मगच लावा. संध्याकाळी सहानंतर नाव काढणाऱ्याला बदली मिळाल्याशिवाय पैसे परत नाहीत, हा नियम पहिल्या सामन्याआधी सांगा. नंतर सांगितला तर भांडणं होतात.

आता आम्ही दुसऱ्या टर्फवर खेळतो. ॲप नव्याने लिहिलं, खातं माझ्या नावावर काढलं. आमच्यातलेच 12 जण 14 दिवस परीक्षक झाले आणि ॲप प्लेवर चढलं.