सोनेरी टिकली आणि जाळीचे कवच



मागच्या पालकसभेत एका पालकांनी मोबाइलच्या पाठीवर चिकटवलेली सोनेरी टिकली दाखवली. महाराजबाड्यावर घेतली, ती लहरी अडवते असे विकणारा म्हणाला. हे खरे का, असे त्यांनी विचारले. उत्तर दोन वाक्यांत मावणारे नव्हते, म्हणून हा पाठ.

आधी घरी करून पाहा. मोबाइल प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून दुसऱ्या फोनवरून लावा. वाजेल. आता तो पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियमच्या कागदात, कडा नीट दुमडून, चहूबाजूंनी गुंडाळा. बहुधा वाजणार नाही. मग स्टीलचा डबा घ्या. इथे फसगत होते! झाकण सैल असले की जाड पत्र्यातही फोन खुशाल वाजतो. लहर पत्र्यातून येत नाही, फटीतून येते आणि फटीची रुंदी कमी असली तरी लांबी तिला पुरते. १८०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते. तिच्या निम्म्या लांबीची बारीकशी फटसुद्धा तिला दारासारखी.

उलट, लहान भोके कितीही असली तरी चालतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. पण त्या पत्र्याच्या नाहीत! प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी दोरांवर ताणून बसवली. भोके एक-दोन सेंटिमीटरची. वारा आरपार जातो, वजन आणि खर्च वाचतो. २० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब लहरी मात्र परततात.

हीच युक्ती आता प्लॅस्टिकच्या आत करतात. पूर्वी उपकरणांच्या पेट्या धातूच्या असत, आता बहुतेक प्लॅस्टिकच्या. साधे प्लॅस्टिक लहरींना मोकळे अंगण. त्यामुळे एका यंत्राची खरखर दुसऱ्यात शिरते. दवाखान्यातल्या हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्रात असे होणे परवडणारे नाही. म्हणून प्लॅस्टिक वितळलेले असतानाच त्यात पोलादाचे किंवा कार्बनचे बारीक तंतू मिसळतात. तंतूच का, पूड का नाही? साबुदाण्याचे चार दाणे खिरीत सुटे सुटे तरंगतात, तेवढ्याच वजनाच्या लांब शेवया एकमेकींत गुंततात. तसेच थोड्याशा तंतूंनी सलग जाळी होते आणि वीज तिच्यातून फिरू शकते. पूड पुष्कळ घालावी लागते, मग प्लॅस्टिक ठिसूळ होते. (यालाच आम्ही हिंदीत 'परिरक्षण' म्हणून पाठ केले होते, मला 'कवच' सोपे वाटते.) स्वतःच वीज वाहणारी प्लॅस्टिकेही आहेत. त्यांच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण त्यांतले पहिले, पॉलिअॅसिटिलीन, हवेत टिकत नाही.

आता टिकली. कवच चहूबाजूंनी हवे, हे डब्याने दाखवलेच. अंगठ्याएवढा तुकडा एक कोपरा झाकतो, बाकी फोन उघडाच. सगळा झाकला तर बोलणेच बंद. अर्धवट अडवला, तर टॉवरपर्यंत पोचायला फोन उलट अधिक जोर लावतो. म्हणजे टिकली खोटी असली तर पैसे गेले, आणि खरी असली तर काम बिघडले.

ज्यांच्या घरी मायक्रोवेव्ह भट्टी आहे त्यांनी ती बंद असताना दाराच्या जाळीतले एक भोक पट्टीने मोजावे. आतली लहर १२ सेंटिमीटरची असते. मोजमाप वहीत लिहून सोमवारी प्रयोगशाळेत आणा.