हैदराबादचा प्रश्न आणि गावातील श्रोतृगट

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. स्वामी रामानंद तीर्थांचे स्मरण केले जाते, हुतात्म्यांची नावे वाचली जातात. परंतु आदल्याच दिवशी, १६ सप्टेंबर १९४८ रोजी, पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादचा प्रश्न आला होता, हे भाषणांतून क्वचितच सांगितले जाते. जागतिक शांतता हा विषय दूरच्या विद्वानांचा, आपल्या पंचायतीचा नव्हे, हा समज त्यामुळे दृढ होतो.

निजाम सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी परिषदेकडे तक्रार केली. सभासद नसलेल्या राज्यालाही वाद मांडता येतो, या सनदेच्या ३५ व्या कलमातील तरतुदीचा तिला आधार होता. हैदराबाद हे सार्वभौम राज्य नाही, म्हणून ही भारताची अंतर्गत बाब होय, अशी भूमिका भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांनी मांडली. १३ तारखेस भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले होते. परिषदेने विषय कार्यसूचीवर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली. २२ सप्टेंबरला त्याने तक्रारही मागे घेतली. अंतर्गत बाब कोठे संपते आणि जगाची चिंता कोठे सुरू होते, हा मूळ प्रश्न मात्र संपला नाही. तो आजही परिषदेपुढे वेगवेगळ्या देशांच्या नावाने येतच असतो.

त्या दिवसांत येथील माणसाला हे कळणार कसे? दक्कन रेडिओ निजाम शासनाच्या हाती होता. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकाला बंदीमुळे नावे बदलून निघावे लागले होते. विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाखान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. माहितीची वाट अडविली की चर्चा अफवेवर चालते, याचा असा अनुभव या प्रदेशाने घेतला आहे.

माध्यमे हाती असली, तरी केवळ ऐकल्याने विचार होतो असे नाही. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृगटांचा प्रयोग केला. (मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता.) सुमारे वीस माणसांचा गट आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐके, मग चर्चा करी आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवी. दहा आठवड्यांनंतर टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली. गट असलेल्या गावांत ज्ञानात ठळक भर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. विषय शेती व ग्रामजीवनाचे होते, पण पद्धत कोणत्याही विषयास लागू पडावी.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी १६ सप्टेंबरची सायंकाळ यासाठी ठेवावी. निजामाच्या तक्रारीचा सारांश एकाने वाचावा, भारताच्या उत्तराचा दुसऱ्याने. उद्‌घाटनाचे भाषण नसावे. असलेच तर पाच मिनिटांचे. नंतर गटाने ठरवावे, आपण परिषदेचे सभासद असतो तर काय केले असते. भारताची बाजू वरचढ ठरेल असे मला वाटते, पण विरुद्ध बाजू नीट मांडली गेली तरच त्या निष्कर्षाला किंमत आहे. मतभेद लिहून ठेवावेत आणि स्थानिक वृत्तपत्राकडे व आकाशवाणीच्या नांदेड केंद्राकडे पाठवावेत.

एक भाग अवघड आहे. रझाकारांचे अत्याचार सर्वांना ठाऊक आहेत. पोलिस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर जे ओढवले, त्याची पाहणी पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या सद्‌भावना मंडळाने १९४८ च्या अखेरीस केली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड व उस्मानाबाद होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. तो अहवाल दीर्घकाळ प्रकाशात आला नव्हता. ज्या गावी दोन्ही बाजूंची घरे आजही शेजारी आहेत, तेथे हे वाचन वडीलधाऱ्यांशी आधी बोलून, लहान गटातच करावे. घाई नको. पहिल्या वर्षी केवळ पॅरिसची बैठक घेतली आणि हा भाग पुढच्या वर्षावर ठेवला, तरी चालेल.