वजन नंतर, आधी तेज

अगं, साखरपुड्याची तारीख ठरली, आता तुम्ही दोघं अंगठी बघायला सराफाकडे जाल, म्हणून त्याआधी तुझ्याशी बोलून घेते. घरात जो तो एकच विचारेल, "किती सेंटचा घेताय?" शंभर सेंट म्हणजे एक कॅरट, आणि एक कॅरट म्हणजे जेमतेम ०.२ ग्रॅम. त्या आकड्याचं दडपण घेऊ नकोस. वजन सगळ्यात शेवटी बघ. माझं ऐकशील तर पैसे पैलूंवर घाल.

गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. ते नीट कोनात पडले असतील तर वरून शिरलेला उजेड आतल्या आत उलटतो आणि पुन्हा वर, तुझ्या डोळ्यांकडे येतो. हिरा फार खोल किंवा फार उथळ घडवलेला असेल, तर तोच उजेड खालून निसटून जातो आणि हिरा निस्तेज दिसतो. खोल हिऱ्यात आणखी एक नुकसान असतं. वजन सगळं बुडाशी दडलेलं, म्हणजे पैसे त्या वजनाचे मोजायचे आणि बोटावर खडा मात्र लहानच दिसायचा. म्हणून सेंटबरोबर रुंदी मिलिमीटरमध्ये विचार. नीट घडवलेला एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा असतो, अर्ध्या कॅरटचा पाचाच्या थोडा वर. वजन निम्म्यावर आलं तरी रुंदी निम्म्यावर येत नाही, हे लक्षात ठेव.

आपल्या त्र्यंबकेश्वरच्या देवळातल्या नासक हिऱ्याचंच उदाहरण घे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी तो नेला, तेव्हा तो नव्वद कॅरटच्या आसपास होता. लंडनच्या जवाहिऱ्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा घडवून ४३.३८ कॅरटवर आणला. एवढ्या नामांकित हिऱ्याचं निम्म्याहून जास्त वजन घालवायला जवाहिरे तयार झाले, ते रूप आणि तेज वाढावं म्हणून. (तो हिरा देवाकडे परत आला नाही, याची मला आजही हळहळ वाटते.)

दुकानातल्या दिव्यांखाली कुठलाही खडा लखलखतो. ते दिवे त्यासाठीच लावलेले असतात. तू ट्रे घेऊन दारापाशी नाहीतर खिडकीपाशी जा, दिवसाच्या उजेडात बघ, मग हाताची सावली धरून बघ. सावलीतही जो जिवंत दिसेल तो बाजूला काढ. गोल हिऱ्याच्या सर्टिफिकेटवर 'कट'समोर 'एक्सलंट' लिहिलेलं असावं, त्यात तडजोड नको. ओव्हल किंवा थेंबाच्या आकाराचा मनात असेल तर डोळे जास्त उघडे ठेव. जीआयएची प्रयोगशाळा अशा आकारांना कटची श्रेणी देत नाही, आणि त्यांच्या मध्यावर बो-टायसारखा काळा पट्टा दिसू शकतो. हिरा हलवून बघितलास की तो कळतो.

सेल्समन "ईएफ, व्हीव्हीएस"चा, म्हणजे ईएफ रंगाचा आणि व्हीव्हीएस शुद्धतेचा, आग्रह धरतील. व्हीव्हीएस आणि व्हीएस यांतला फरक दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून शोधावा लागतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही स्वच्छच दिसतात. पिवळ्या सोन्यात बसवणार असशील तर रंग जी-एच असला तरी पुरे. वाचलेले पैसे कटवर घाल.

आता लॅबग्रोनचं. तो खोटा हिरा नव्हे. खोटा म्हणजे अमेरिकन डायमंड, तो झिर्कोनिया असतो. लॅबमध्ये वाढवलेला हिरा शुद्ध कार्बनचाच, तितकाच कठीण, आणि भिंगातूनही ओळखू न येणारा. सुरतेत तो मोठ्या प्रमाणावर तयार होतो, आणि गेल्या काही वर्षांत त्याचे भाव फार उतरले आहेत. तो घ्यायला माझी काहीच हरकत नाही, पण तुम्हा दोघांना माहीत असू दे, सर्टिफिकेटवर तसं स्पष्ट लिहिलेलं असू दे, आणि सासरीही मोकळेपणाने सांग. पुढे कधी कुणाच्या बोलण्यातून कळलं तर उगाच मनं दुखावतील. नैसर्गिक असो की लॅबचा, मोडायला गेलीस तर सोन्यासारखा भाव मिळेल ही आशा ठेवू नकोस. परत घेण्याची अट पेढीकडून लेखी घे.

आणि हे मनापासून सांगते, अंगठीसाठी होणाऱ्या नवऱ्याला कर्ज काढू देऊ नकोस. दोन-तीन महिन्यांचा पगार अंगठीवर घालावा, ही कल्पना डी बीअर्सच्या जाहिरातींनी रुजवली. आपल्या घरात कुणी असा नियम घातलेला नाही. तुमच्या घराचं डिपॉझिट भरायचंय, त्याच्या आईचं औषधपाणी आहे. तीस सेंटचा सुरेख घडवलेला हिरा तुझ्या निमुळत्या बोटावर छान दिसेल.

कोंदणाकडे बहुतेकजणी बघतच नाहीत. तू रोज कणीक मळणार, लोकलमध्ये दांडा धरणार. उंच काट्यांवर बसवलेल्या खड्याखाली पीठ अडकतं आणि काटे ओढणीत गुंततात. सोन्याची कड सभोवती असलेली, खाली बसलेली अंगठी घे. हिरा सगळ्यात कठीण असला तरी कडेवर नेमका मार बसला तर त्याचा टवका उडतो, आणि ती कड त्याला राखते. तेलकट हाताने तो मंद होतो, तेव्हा कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धू. माप संध्याकाळी दे, सकाळी बोटं बारीक असतात.

बिलात सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घे. हिऱ्यासकट वजन करून सगळ्याला सोन्याचा भाव लावलेला नाही ना, ते बघ. अठरा कॅरटच्या सोन्यावर ७५० हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक (एचयूआयडी) असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. सर्टिफिकेटचा नंबर हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असेल तर भिंग मागून घे, स्वतःच्या डोळ्यांनी जुळव, आणि मगच पैसे दे.

जायचा दिवस ठरला की कळव. यायला सांगितलंस तर येईन, पण तुम्ही दोघंच गेलात तर मला जास्त आवडेल.