आधी कुलूप, मग कमिट

चि. सायलीस,

समुपदेशनाच्या नोंदी तू आता टर्मिनलवर ‘एनबी’ या नोंदवहीच्या प्रोग्राममध्ये ठेवतेस, असं ताई म्हणाली. निवड चांगली आहे. नोंदी साध्या फायलींत राहतात आणि प्रत्येक वही मुळात गिटची रिपॉझिटरी असते. तू काही न सांगता बदलागणिक कमिट होतो.

मला धास्ती वाटते ती याच सोयीची. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं. जुनं काही हरवू नये, अशीच त्याची घडण आहे. आज कुणा बाईची हकीकत उघडी लिहिलीस आणि उद्या एन्क्रिप्ट केलीस, तर कालची उघडी प्रत इतिहासात तशीच राहते. फाइल पुसूनही ती जात नाही. ‘गिट फिल्टर-रेपो’सारखं अवजार चालवून सगळा इतिहास नव्याने लिहावा लागतो. तोवर वही सर्व्हरवर गेली असेल, कुणी क्लोन केली असेल, तर त्या प्रतींना तुझा हात पोचत नाही. म्हणून अशी नोंद करतानाच ‘एन्क्रिप्ट’चा पर्याय दे. ‘आत्ता लिहून ठेवते, मग बघू’ हे चालायचं नाही.

एन्क्रिप्शनसाठी ओपनएसएसएल ठेवावं की जीपीजी, यावर रात्री जागवू नकोस. एनबी मुळात ओपनएसएसएलने एईएस-२५६ वापरतं, ते पुरे आहे. पासवर्ड मात्र लांबलचक घे. आणि फाइलच्या नावाला कुलूप लागत नाही, हे विसरू नकोस. ते नाव कमिटच्या संदेशातही उतरतं, तेव्हा त्यात माणसाचं नाव घालू नकोस. मजकूर कमांडच्या ओळीतच टाइप केलास तर तो शेलच्या हिस्टरीत राहतो. विमच्या स्वॅप आणि अनडू फायलींचंही तेच. एडिटर उघडूनच लिही, आणि संवेदनशील नोंदींपुरत्या त्या दोन्ही बंद ठेव.

कुलूप लावलं की गिटची निम्मी मजा जाते, हे खरं. एक स्वल्पविराम बदललास तरी सगळी फाइल वेगळी होते. डिफमध्ये काही वाचता येत नाही आणि दोन लॅपटॉपवरचे बदल मर्ज होत नाहीत. म्हणून एकच नोंद वाढवत नेऊ नकोस, प्रत्येक भेटीची नवी, छोटी नोंद कर.

पासवर्ड विसरलीस तर तो परत मिळवून देणारं कुणी नाही. तो कागदावर लिहू नये असं सगळे शिकवतात. मला ते पटत नाही. लॅपटॉप पळवणारा भुरटा चोर बँकेच्या लॉकरपर्यंत जात नाही. पासवर्ड कागदावर लिही आणि पाकीट सील करून ताईच्या लॉकरमध्ये ठेव.

आधी एक खोटी नोंद करून बघ. दुसऱ्या यंत्रावर वही क्लोन कर आणि त्या कागदावरचा पासवर्ड वाचून नोंद उघड. उघडली, तरच खऱ्या माणसांच्या गोष्टी तिथे लिहायला घे.

तुझी,
मावशी