टीप द्यावी, शेरा मारू नये

माहीम, तालुका पालघर



घरच्या मोडी कागदांची तू देवनागरीत उतरवून बोईसरहून धाडलेली नक्कल पोचली. अक्षरवाचन चोख आहे. समासात घातलेल्या टिपणांविषयी मात्र चार शब्द लिहिणे प्राप्त आहे. टीप देणे आणि शेरा मारणे या दोन क्रियांची तू गल्लत केली आहेस. शेरा कचेरीतला, मामलेदार अर्जावर शेरा मारतो तो अधिकाराच्या बळावर, आणि त्याने प्रकरण निकालात निघते. टीप देणारास तसला अधिकार नाही. मूळ लिहिणारास जे ठाऊक होते आणि आजच्या वाचकास जे ठाऊक नाही, तेवढेच त्याने पुरवावे व बाजूस व्हावे. कर्जरोख्याशेजारी तू ‘सावकाराची लबाडी उघड आहे’ असे लिहिलेस. व्याज दरमहाचे की दरसालचे एवढेच सांगितले असतेस, तर ती लबाडी वाचकाने आपली आपण ओळखली असती.

उलट ‘तालुके माहीम, जिल्हे ठाणे’ हे शब्द तू टिपेवाचून सोडलेस. आजच्या पालघर तालुक्यास पूर्वी माहीम तालुका म्हणत, हे न कळल्यास पुण्याचा वाचक थेट मुंबईच्या माहीमास जाऊन उतरेल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून निराळा झाला खरा, पण म्हणून मुळातले ‘ठाणे’ खोडण्याचा अधिकार तुला नाही. ती हकीकत टिपेत जावी. तसेच ‘वाडी’चे. देशावर वाडी म्हणजे चार घरांची वस्ती. आपल्या केळवे-माहीमकडे ती पानवेलीची, केळीची शिंपणाची बाग. हा भेद न सांगितल्यास, वाडी गहाण पडली हे वाचून कोणी अख्खी वस्तीच सावकाराच्या घशात गेली असे समजेल!

तुझी मते सांगू नयेस असे नाही. त्यांची जागा प्रस्तावनेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ साली महिकावतीची बखर छापली, तेव्हा आपले प्रतिपादन मुळापुढे स्वतंत्र, विस्तृत प्रस्तावनेत मांडले. त्यातले सगळेच पटते असे नव्हे, पण बखरकार कोठे थांबतो आणि राजवाडे कोठे बोलतात याविषयी वाचकास संशय राहत नाही.

अक्करपट्टी आणि पोफरण ही नावेही तू टिपेवाचून तशीच ठेवलीस, कारण ती तुझ्या कानावरची. तारापूर अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी ही गावे उठली, वस्ती दुसरीकडे बसवली गेली. तुझ्या मुलांना त्या जुन्या जागा कोण दाखवणार? तेथे सविस्तर टीप घाल, आणि ऐकीव माहिती असेल तेथे ‘ऐकीव’ असे स्पष्ट लिही.

मूळ कागदावरही जुन्या कारकुनांचे शेरे आहेत. ते जसेच्या तसे उतरव, आणि तुझ्या टिपा चौकटी कंसांत आद्याक्षरासह घाल, म्हणजे सरमिसळ होणार नाही. पुढचा गठ्ठा पाठवताना समास दोन बोटे अधिक रुंद ठेव. माझी दुरुस्ती लिहावयास जागा उरत नाही.

तुझा
मामा