उडण्याआधी पाहावे

गाडी जुंपण्याआधी आपण चाक पाहतो, वंगण पाहतो. विमानाचेही तसेच.

सेसना १७२ हे चार जणांचे लहान विमान. त्याच्या दोन्ही पंखांत पेट्रोलच्या टाक्या असतात. टाकीत आतून दव धरले की पाणी साचते. पाणी पेट्रोलहून जड; ते तळाशी बसते. ते इंजिनात शिरले, तर भर आकाशात इंजिन बंद पडेल!

म्हणून टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल आरपार दिसणाऱ्या पेल्यात काढतात. '१०० एलएल' जातीचे पेट्रोल निळे असते. त्याखाली बिनरंगी पाणी लगेच ओळखू येते. पाणी संपेपर्यंत पुन्हा पुन्हा काढतात.

मग चाके पाहतात. टायर चिरला का? हवा कमी का? ब्रेकचे तेल गळते का?

आपण गाडी वाटेत थांबवतो. विमान आकाशात थांबवता येते का? म्हणून जमिनीवरच नीट पाहावे.