गरोदरपणातला ताण आणि वार: काय करावं, काय टाळावं

बाळंतपण उरकलं की सिस्टर वार ताटात उलटसुलट करून पाहतात. एक बाजू लालभडक, खाचाखाचांची. एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे तिथे कळतं. दुसरी बाजू चकचकीत, नाळेपासून फाकलेल्या निळसर शिरांची. वजन साधारण अर्धा किलो. नऊ महिने बाळाचा श्वास, अन्न आणि घाण बाहेर टाकणं, सगळं हिच्यावर चाललेलं असतं. दिवस भरत येतात तेव्हा आईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहतं, आणि त्यातलं बहुतेक वारेसाठी असतं.

आईच्या मनावरचा ताण बाळापर्यंत पोचतो तो याच वाटेने. एखाद्या दिवशी रडू आलं, भांडण झालं, रात्रभर काळजीने झोप लागली नाही, तर बाळाचं बिघडत नाही. ताणात शरीर कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक सोडतं आणि वारेतलं एक एन्झाइम त्यातलं बरंचसं बाळाकडे जाण्याआधीच निष्प्रभ करतं. प्रश्न आहे तो महिनोन्‌महिने न सुटणाऱ्या ताणाचा. तेव्हा हा बंदोबस्त ढिला पडू शकतो, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आखडून पुरवठा कमी होऊ शकतो. शिवाय वार स्वतः सीआरएच नावाचं संप्रेरक बनवते. कॉर्टिसोल वाढलं की मेंदूत सीआरएच कमी होतं, वारेत मात्र वाढतं, आणि कळा वेळेआधी सुरू होण्याशी त्याचा संबंध आहे. म्हणून बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. धोका वाढतो एवढंच. तसंच होणार असं मुळीच नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या आपल्या हिमायतनगर तालुक्यात हा ताण कुठून येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्यात गेलेलं सोयाबीन, बँकेचं आणि सावकाराचं कर्ज, ऊसतोडीची घेतलेली उचल, पहिली मुलगी असली तर दुसऱ्या वेळची धास्ती. यातलं त्या बाईच्या हातात फार थोडं आहे. म्हणून पुढची यादी तिच्यापेक्षा नवऱ्याने, सासूने आणि सासऱ्याने वाचावी.

काय करावं

• कामाचं ओझं खरोखर कमी करावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. शेतातलं आणि घरातलं कष्टाचं काम जिला जास्त, तिच्या बाळाचं वजन कमी आणि डोक्याचा घेरही लहान, असं त्यात दिसलं. आपल्याकडे कापूस वेचायला बाई पोटाला ओटी बांधून तासातास वाकते, ओटी भरली की तेच वजन पोटावर घेऊन बांधापर्यंत चालते. दिवस गेले असतील तर ही ओटी दुसऱ्या कुणी बांधावी. पाण्याच्या घागरीही तशाच.

• दुपारी एक-दोन तास आडवं होऊ द्यावं. सातव्या महिन्यानंतर उताणं न झोपता कुशीवर झोपावं, रक्तपुरवठा मोकळा राहतो.

• ताटात पालेभाजी आणि फळ रोज असावं. पुण्याच्या त्याच अभ्यासात पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खाणाऱ्या बायांची बाळं आकाराने मोठी होती. मेथी, चुका, अंबाडी, शेवग्याचा पाला, पेरू, केळी, यातलं महाग काही नाही. तिने सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खायचं, ही रीत निदान नऊ महिने तरी बंद ठेवावी.

• घरातल्या अडचणी तिला सरळ सांगाव्यात. कर्जाबद्दल तिच्यापासून लपवलं की ती चेहरे वाचत बसते आणि मनात दसपट वाईट रंगवते. ‘एवढं देणं आहे, असं फेडणार आहोत’ इतकं कळलं तरी जीव थाऱ्यावर येतो.

• बाळंतपण कुठे, गाडी कुणाची, सोबत कोण, हे आठव्या महिन्यातच ठरवावं. ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवलं तर भोकरमार्गे नांदेड गाठावं लागतं, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरीला, म्हणजे शहराच्याही पलीकडे. १०२ आणि १०८ हे नंबर घरातल्या प्रत्येक फोनमध्ये असावेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर आणि ने-आण मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून चालू आहे. हे माहीत नसल्याने कितीतरी घरं नऊ महिने पैशाच्या धसक्यात काढतात.

• हक्काचे पैसे मागावेत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला ५,००० रुपये मिळतात, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,०००. कागदपत्रांसाठी आशाताईंना तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच गाठावं.

• महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तिथे बीपी आणि रक्ताबरोबर मनाचंही बोलावं. झोप उडालीय, कशातच जीव लागत नाही, सारखं रडू येतं, मरून जावंसं वाटतं, यातलं काही दोन आठवडे टिकलं तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. मरणाचे विचार आले तर दोन आठवडे थांबूच नये, त्याच दिवशी दाखवावं आणि तिला एकटं सोडू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीत बोलता येतं.

• माहेरी जावंसं वाटलं तर जाऊ द्यावं. पहिल्या खेपेलाच जायचं, हा नियम कुणी केला?

काय टाळावं

• ‘टेन्शन घेऊ नको, बाळावर परिणाम होईल’ हे वाक्य. कारण तसंच ठेवून नुसतं असं बजावलं की तिच्या डोक्यावर आणखी एक भार चढतो: आता बाळाचं काही झालं तर तेही माझ्यामुळे. हे वाक्य जिभेवर आलं की तिच्या हातातली बादली घ्यावी.

• मारहाण, शिवीगाळ, दारू पिऊन धिंगाणा. सगळ्या ताणांत हा सर्वांत विषारी, कारण यात घरच सुरक्षित राहत नाही. पोटावर बसलेल्या माराने वार गर्भाशयापासून सुटू शकते. रक्त जातं, पोट दगडासारखं कडक होतं आणि काही वेळात आई-बाळ दोघंही जाऊ शकतात. असं झालं तर इज्जतीचा विचार न करता दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना खरं कारण सांगावं. मदतीसाठी १८१, पोलिसांसाठी ११२. शेजाऱ्यांनीही फोन करावा, ‘त्यांचं घरगुती आहे’ म्हणून दार लावून घेऊ नये.

• मुलगा की मुलगी, ही चर्चा. मुलगा होणार की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरतं, आणि लिंगनिदान करणं, करवून घेणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘यंदा तरी पोरगा होऊ दे’ हा नवसही तिच्यासमोर बोलू नये.

• मिश्री, तंबाखू, गुटखा. काळजी वाढली की बोट डबीकडे जास्त वेळा जातं. मुंबईतल्या गरोदर बायांवरचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखा धूर नसलेला तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. आधीच अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला हे परवडत नाही.

• ‘कमी खा, बाळ मोठं झालं तर अडेल.’ हा सल्ला आजही दिला जातो आणि तो घातक आहे.

• ग्रहणात उपाशी, तहानेली, अंधारात बसवणं. ग्रहणाने बाळाला व्यंग येत नाही. दिवसभर पाणी न पिण्याने मात्र त्रास होतो, आणि ‘सुरी हातात धरलीस, आता बघ’ या भीतीने ती पुढचे महिने कुढते.

• आठवा-नववा महिना असताना तोडीला किंवा वीटभट्टीला नेणं. फडावर ना आशाताई, ना तपासणीचं कार्ड, ना सावली. नाइलाजाने जावंच लागलं तर माता-बाल कार्ड आणि लोहाच्या गोळ्या सोबत द्याव्यात, तिथल्या आरोग्य केंद्रात नाव घालावं आणि कोयता तिच्या हाती देऊ नये.

• मोठा धक्का बसला असेल, घरात अचानक मृत्यू झाला असेल, पुरात घर गेलं असेल, तर ‘लवकर दिवस आहेत, काही होत नाही’ असं समजणं. चिलीमध्ये २००५ साली भूकंप झाला, तेव्हा पहिल्या तिमाहीत असलेल्या बायांच्या बाळांवर परिणाम दिसला, वजन कमी भरलं. वार आकार घेत असते ती याच महिन्यांत. अशा वेळी तपासण्या एकही चुकवू नयेत, आणि बाळाची वाढ सोनोग्राफीत नीट बघायला सांगावं.

• मानसिक आजाराच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणं. आधी डॉक्टरांना विचारावं.

• ‘सकाळी बघू.’ सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर वारेतून पुरवठा कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. कुशीवर पडून लक्ष द्यावं. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत किंवा मनात शंका राहिली, तर रात्र असो की सण, लगेच निघावं. रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, यांत तर दोन तासही मोजत बसू नये.